जबलपूरची माती आणि तिचे भाजके रंग

दिवाळीच्या तोंडावर जबलपूरच्या बाजारात पणत्यांचे ढीग लागतात. साध्या भाजक्या लाल पणत्यांच्या शेजारीच निळ्या, हिरव्या, सोनेरी ऑइलपेंटने रंगवलेल्या पणत्या मांडलेल्या असतात. वात पेटली की रंगवलेल्या पणतीचे तोंड आधी काळे पडते, मग तिथला रंग पापुद्र्यासारखा सुटतो. भाजक्या पणतीचा लाल रंग मात्र जात नाही, कारण तो वरून चढवलेला नसतो. तो मातीतच असतो आणि आगीने पक्का झालेला असतो.

हाताने भांडी घडवू पाहणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. मातीच्या भांड्याला रंग मातीनेच द्यावा. त्यासाठी माती निवडणे, गाळणे, मुरवणे, लेप देणे आणि भाजणे ही सगळी कामे एकाच साखळीतली आहेत, हे ओळखावे लागते. जबलपूरचा परिसर या दृष्टीने भाग्यवान आहे. काळी, पिवळी, पांढरी आणि लाल अशा चारही मात्या इथे फार लांब न जाता मिळतात.

परिसरातल्या चार मात्या

काळी माती: जबलपूरच्या पश्चिमेकडचा नर्मदाखोऱ्याचा सपाट भाग ‘हवेली’ म्हणून ओळखला जातो. पावसाळाभर बांध घालून शेतात पाणी अडवायचे आणि ते सोडून देऊन गहू पेरायचा, ही तिथली जुनी पद्धत. ही माती पाणी धरून ठेवते, कारण तिच्यातले कण पाणी प्यायले की फुगतात. सुकताना ती तेवढीच आकसते आणि शेताला भेगा पडतात. भांड्यालाही तशाच भेगा पडतात, म्हणून ही माती एकटी वापरत नाहीत.

पिवळी माती आणि नदीचा गाळ: नर्मदा, गौर, परियट, हिरन या नद्यांच्या काठचा आणि तळ्यांच्या बुडाचा गाळ कुंभारकामाला सर्वांत सोयीचा. त्यात बारीक रेती आणि चिकण माती निसर्गानेच मिसळलेली असते. त्यात थोडे लोहही असते, त्यामुळे भाजल्यावर तो छान लाल होतो.

पांढरी माती: जबलपूरच्या टेकड्यांत पांढऱ्या मातीचे थर आहेत. भूशास्त्रज्ञ ज्या खडकसमूहाला ‘जबलपूर’ हेच नाव देतात, त्यातले हे थर. १९व्या शतकाच्या अखेरीस बर्न आणि कंपनीने आणि पुढे परफेक्ट पॉटरी कंपनीने इथे कारखाने काढले. कौले, विटा आणि सांडपाण्याचे नळ यांसाठी लागणारी माती गावाच्या उशाशीच होती. ही माती फार उष्णता सोसते. कुंभाराच्या साध्या आव्यात, म्हणजे भट्टीत, ती एकटी पक्की भाजली जात नाही. खेड्यापाड्यांत भिंती सारवायला वापरतात ती ‘छुई’ हीदेखील पांढरी मातीच.

गेरू आणि रामरज: सिहोरा-कटनीच्या बाजूला लोहखनिजाचा पट्टा आहे आणि त्याच्या सोबतीने लाल गेरू आणि पिवळी रामरज मिळते. मंडला-डिंडोरी भागातल्या गोंड-प्रधान घरांच्या भिंतींवरची चित्रे परंपरेने छुई, गेरू, रामरज आणि काळी माती यांनीच रंगवली जात. भिंतीवर टिकणारा प्रत्येक रंग भट्टीत टिकतोच असे नाही. त्याचे कारण पुढे येईल.

माती कुठून घ्यावी, कुठून घेऊ नये

सर्वांत उत्तम माती कुंभाराच्या अंगणात असते. कोणत्या तळ्याचा गाळ फुटतो आणि कोणता टिकतो, हे त्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असते. पहिल्या वेळी त्याच्याकडून पैसे देऊन दोन घमेली माती घ्यावी आणि ती कुठून आणली ते विचारून घ्यावे.

स्वतः माती काढायची असेल, तर शेतमालकाला विचारावे. वरचा वीतभर थर मुळे, पालापाचोळा आणि शेणखत यांनी भरलेला असतो. तो बाजूला सारून खालची माती घ्यावी. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचे बूड त्यासाठी चांगले.

दोन ठिकाणे पक्की टाळावीत. पहिले, छुईच्या खाणी. वरचा कडा तसाच ठेवून आत पोखरत जाण्याच्या सवयीमुळे अशा खाणी ढासळून मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये अनेक बायकांचे जीव गेले आहेत. छुई बाजारात विकत मिळते; तीच घ्यावी. दुसरे, बडा शिमला टेकडी आणि लम्हेटाघाट. १८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना भारतातले डायनोसॉरचे पहिले अवशेष जबलपूरच्या याच टेकडीवर मिळाले, आणि लम्हेटा खडकसमूहाचे नाव या घाटावरून पडले. भेडाघाट-लम्हेटाघाटचे नाव २०२१ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. तिथली माती भांड्यांसाठी नाही.

घरच्या घरी चार चाचण्या

वळकटीची चाचणी: भिजवलेल्या मातीची करंगळीएवढी जाड वळकटी करून बोटाभोवती गुंडाळावी. ती न तडकता वळली तर माती चिकण आहे. लगेच तुकडे पडले तर रेती जास्त आहे.

बरणीची चाचणी: काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून जोरात हलवावे. रेती काही मिनिटांत तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकण माती एक-दोन दिवसांत. थर मोजले की प्रमाण कळते.

व्हिनेगरची चाचणी: सुक्या मातीवर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आले तर चुनखडी आहे. भेडाघाटचा संगमरवर डोलोमाइट जातीचा असल्याने त्याचे खडे व्हिनेगरला फारशी दाद देत नाहीत. खडा कुटून पूड केली तरच बुडबुडे दिसतात. त्या बाजूची रेती वापरणाऱ्यांनी हे मुद्दाम तपासावे. चुनखडीचा ज्वारीएवढा खडा भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, पुढे हवेतली ओल शोषून फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो. भट्टीतून धड निघालेले भांडे आठवड्याने फुटते, ते यामुळे.

पट्टीची चाचणी: ही सर्वांत महत्त्वाची. ओल्या मातीची १२ सेंमी लांब, बोटभर जाड पट्टी थापावी आणि तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ सुरीने ओढावी. पट्टी सावलीत सुकल्यावर रेघ मोजावी. ती ९.३ सेंमी भरली तर माती ७ टक्के आकसली. ५ ते ८ टक्के आकसणे ठीक. १० टक्क्यांच्या वर गेले तर मातीत रेती किंवा खापराची पूड घालावी लागेल. पट्टीच्या पाठीवर मातीचे ठिकाण आणि तारीख कोरून ठेवावी. भाजल्यावर याच पट्टीवर रंगही कळतो.

भिजवणे, गाळणे, मुरवणे

माती आधी उन्हात कडकडीत सुकवावी आणि मोगरीने फोडून बारीक करावी. ओली माती पाण्यात टाकली तर तिचे गोळे दिवसेंदिवस तसेच राहतात. सुकी माती वेगळी वागते. तिचे ढेकूळ पाण्यात सोडून पाहावे. बाहेरून पाणी आत शिरते, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, कडा सुटू लागतात आणि थोड्याच वेळात ढेकळाच्या जागी मऊ ढीग उरतो. म्हणून सुकवण्यात घाई करू नये.

टाकीत किंवा ड्रममध्ये आधी पाणी, मग माती, या क्रमाने भरावे. माती दोन-तीन दिवस भिजू द्यावी, ढवळावी, क्षणभर थांबून जाड रेती तळाशी बसू द्यावी आणि वरचा रबडा दुसऱ्या भांड्यात ओतावा. ओतताना तो बारीक चाळणीतून किंवा जुन्या सुती साडीतून गाळावा. मुळे, खडे, चुनखडी इथेच अडते. गाळलेला रबडा स्थिर झाला की वरचे निवळ पाणी काढून टाकावे आणि उरलेला गाळ कापडावर किंवा कोऱ्या विटांवर पसरावा. विटा पाणी ओढून घेतात. माती हाताला चिकटेनाशी झाली की गोळे करावेत.

हे गोळे ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत मुरू द्यावेत. पंधरा दिवस तरी हवेत, महिना झाला तर उत्तम. या काळात पाणी मातीच्या सूक्ष्म कणाकणात पोचते आणि तिचा लवचीकपणा वाढतो. मातीला थोडा वास येऊ लागला तर तो चांगला मानावा.

शेवटी मळणी. कुंभार पायाने तुडवतात. घरी पाटावर दोन्ही हातांनी मळावे. गोळा तारेने मधोमध कापून पाहावा. कापलेल्या भागात छिद्र किंवा पोत बदललेला पट्टा दिसला तर पुन्हा मळावे.

मातीत काय मिसळावे

हवेलीच्या काळ्या मातीसाठी सुरुवातीचे माप असे: एक भाग काळी माती, दोन भाग पिवळी माती किंवा नदीचा गाळ, आणि या सगळ्याचा पाचवा भाग बारीक रेती. पट्टीची चाचणी पाहून हे माप कमीजास्त करावे.

रेतीऐवजी फुटक्या भाजक्या भांड्यांची पूड घातली तर जास्त चांगले. ती एकदा भाजून आकसलेली असल्याने पुन्हा आकसत नाही. महाराष्ट्रातले कुंभार मातीत घोड्याची किंवा गाढवाची लीद आणि राख मिसळतात. लिदीतले गवताचे तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात आणि भट्टीत जळून बारीक छिद्रे सोडतात. त्याच छिद्रांतून माठाचे पाणी झिरपते, बाष्प होऊन उडते आणि आतले पाणी गार होते. माठाला बाहेरून ऑइलपेंट लावला तर ही छिद्रे बुजतात आणि गारवा जातो. पाण्याच्या माठाला ऑइलपेंट कधीही लावू नये.

रंग कुठून येतो

मातीच्या भांड्याच्या रंगात सर्वांत मोठा वाटा लोहाचा. भट्टीत हवा खेळती असली तर लोहाला भरपूर ऑक्सिजन मिळतो आणि भांडे लाल होते. हवा कोंडली, धूर झाला, तर लोह काळे पडते आणि धुराचा कोळसाही छिद्रांत मुरतो. माती तीच, भांडे तेच; रंग हवेवर ठरतो.

म्हणून कच्च्या मातीच्या रंगावर विश्वास ठेवू नये. काळी माती खेळत्या हवेत भाजली की लालसर तपकिरी होते. पिवळ्या रामरजेतल्या लोहखनिजात पाणी बांधलेले असते. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते निघून जाते आणि पिवळा रंग लाल होतो. पिवळा लेप देऊन पिवळे भांडे मिळेल, ही नवख्यांची हमखास होणारी निराशा. हिरवट मातीही भाजल्यावर तपकिरीकडे झुकते. हळद, नीळ, पालकाचा रस हे तर जळूनच जातात.

भट्टीत खात्रीने टिकणारे मातीचे रंग असे: लाल, तपकिरी, फिकट बदामी, पांढरा आणि काळा. निळा हवा असेल तर कोबाल्ट, हिरवा हवा असेल तर तांबे किंवा क्रोमियम लागते, आणि तो काचेच्या झिलईचा वेगळा विषय आहे.

जबलपूरपासून सुमारे १२ किलोमीटरवर तेवर आहे. हीच कलचुरींची जुनी राजधानी त्रिपुरी. पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांनी सागर विद्यापीठातर्फे १९५२च्या सुमारास तिथे उत्खनन केले. तिथे काळी-तांबडी भांडी सापडली आणि आरशासारखी चकाकणारी काळी भांडीही. काळी-तांबडी भांडी आतून आणि काठाजवळ काळी, बाहेरून लाल असतात. भांडे पालथे ठेवून भाजले की आत हवा पोचत नाही, बाहेर पोचते. एकाच मातीतून दोन रंग निघतात. त्यासाठी वेगळा रंग लागला नाही.

लाल लेप

लेप म्हणजे अतिबारीक मातीचा दुधासारखा पातळ रबडा. उत्तर भारतातले कुंभार त्याला काबिस म्हणतात. घरी तो असा करावा:

१. एक किलो सुकी, गाळलेली लाल किंवा पिवळी माती घ्यावी. गेरू असल्यास त्यात १०० ग्रॅमपर्यंत मिसळावा.

२. अडीच लिटर पाण्यात ५ ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात ती माती घालावी आणि चांगली ढवळावी. सोड्यामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. जड कण खाली बसतात, हलके तरंगत राहतात.

३. पारदर्शक भांड्यात दिवसभर न हलवता ठेवावे. तळाशी जाड गाळ, त्यावर गढूळ थर आणि काही वेळा सर्वांत वर पाणी दिसते.

४. बारीक रबरी नळीने मधला थर काढून घ्यावा. हाच लेप. तळाचा गाळ लेपात येऊ देऊ नये.

लेप देण्याची वेळ नेमकी साधावी लागते. भांड्यात नख रुतते पण माती बोटाला चिकटत नाही, इतकेच ते सुकलेले असावे. मऊ कुंचल्याने दोन-तीन पातळ हात द्यावेत. लेपाची ओली चमक गेली की नर्मदेतल्या गुळगुळीत गोट्याने घोटावे. एकाच दिशेने, हलक्या दाबाने गोटा फिरवला की कण आडवे बसतात आणि पृष्ठभाग आपोआप चमकू लागतो. ती चमक टिकवायची असेल तर भट्टी ८५० अंशांच्या पुढे नेऊ नये. जास्त तापले की चमक मंदावते.

पांढरा लेप

पांढरा लेप सर्वांत कठीण. पांढऱ्या मातीला पक्के व्हायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे साध्या भट्टीत ती पिठासारखी सुटून येते. उपाय दोन. लेप भांडे जास्त ओलसर असतानाच द्यावा, म्हणजे दोन्ही बरोबरीने आकसतील. आणि लेपात दहा भागांना एक भाग फ्रिट, म्हणजे झिलईसाठी बाजारात मिळणारी शिसेविरहित काचेची पूड, मिसळावी. छुई वापरण्याआधी तिचा तुकडा भाजून पाहावा. पांढरा राहिला तर उत्तम. गुलाबी झाला तर तिच्यात लोह आहे. काही दिवसांनी ठिसूळ होऊन फुटला तर चुना आहे.

काळा रंग

सोपा आणि निर्धोक मार्ग धुराचा. लाल भाजलेले, घोटलेले भांडे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात लाकडाच्या भुशात पुरावे, झाकणाच्या फटी ओल्या मातीने लिंपाव्यात आणि डबा गोवऱ्यांच्या आगीत ठेवावा. पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. गरम असताना हवा लागली की काळा रंग जळून पुन्हा लाल डाग उमटतात. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातील निजामाबादची प्रसिद्ध काळी भांडी याच तत्त्वावर होतात.

दुसरा मार्ग मँगनीजचा. जबलपूर जिल्ह्यातील गोसलपूरला मँगनीजचे खनिज आहे. लाल लेपात ते थोडे मिसळले तर धुराशिवाय, खेळत्या हवेतही गडद तपकिरी-काळा रंग येतो. पण मँगनीजची धूळ मेंदूला आणि मज्जासंस्थेला अपाय करते. मुलांनी ते हाताळू नये आणि मोठ्यांनीही मास्क लावून ओलेच वापरावे.

मातीतच रंग मिसळणे

लेप न देता संपूर्ण मातीच रंगीत करता येते. प्रमाण नेहमी सुक्या वजनावर धरावे. १०० ग्रॅम सुक्या फिकट मातीत ५ ग्रॅम गेरू घातला तर गुलाबी-बदामी, १० ग्रॅम घातला तर विटकरी छटा येते. गेरू थेट मळून घातला तर ठिपके राहतात. पाण्यात कालवून रबड्यातच मिसळावा.

दोन रंगांच्या मात्या एकत्र दाबून नागमोडी रेषांचे भांडे करायचे असेल, तर दोन्ही रंग एकाच मूळ मातीतून करावेत. वेगळ्या मात्या वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि जोडावर भांडे उकलते.

न भाजता रंगवायची गणेशमूर्ती

जबलपूरच्या मराठी घरांत गणपती बसतो, आणि घरी मातीची मूर्ती करण्याची हौस वाढते आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करून नैसर्गिक माती आणि नैसर्गिक रंगांवर भर दिला. मूर्ती भाजायची नसल्यामुळे इथे रंगांना जास्त वाव आहे. रामरज पिवळीच राहते, हळदही चालते. चिंचोक्याची खळ किंवा डिंकाच्या पाण्यात गेरू, रामरज, छुई, काजळ बारीक खलून घ्यावे आणि मूर्ती पूर्ण सुकल्यावर लावावे. विसर्जन घरच्या बादलीत करावे. विरघळलेली माती गाळून पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येते.

भाजणे

भांडे सावलीत सुकवावे, मग उन्हात. गालाला लावल्यावर गार लागले तर आत अजून पाणी आहे. पहिले काही तास आग अगदी मंद ठेवावी. १०० अंशांच्या आसपास उरलेले पाणी वाफ होते आणि घाई केली तर भांडे फुटते. ४५० ते ६०० अंशांत मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते. त्यानंतर ती माती पाण्यात पुन्हा विरघळत नाही. गोवऱ्या, लाकूड आणि भाताचा पेंढा यांच्या आव्यात साधारण ७०० ते ८५० अंशांपर्यंत उष्णता जाते. लाल रंगासाठी शेवटी हवा मोकळी द्यावी. आवा आपोआप थंड होऊ द्यावा.

आरोग्याची काळजी

सुकी माती चाळताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साचते. चाळणे, पुसणे ओल्यानेच करावे. शेंदूर किंवा शिसे असलेली झिलई खाण्यापिण्याच्या भांड्याला लावू नये. बाजारातून रंगीत भांडे आणले आणि त्याचा रंग काय आहे हे विक्रेत्याला सांगता आले नाही, तर ते फक्त शोभेसाठी ठेवावे.

शिकायचे कुठे

चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभा केलेला ग्रामोदय संघ ग्रामीण कुंभारांच्या कामासाठी ओळखला जातो. बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. तरीही पहिला गुरू आपल्या वस्तीतला कुंभारच. त्याच्याकडे जाताना शिकवणीचे पैसे देण्याची तयारी ठेवावी. त्याचे ज्ञान फुकटचे नाही.

सुरुवात मोठ्या भांड्याने करू नये. पाच ठिकाणच्या मातीच्या पाच पट्ट्या थापाव्यात, सुकवाव्यात, मोजाव्यात आणि ओळखीच्या कुंभाराच्या आव्यात भाजून घ्याव्यात. आपल्या गावच्या मातीत कोणते रंग आहेत, हे त्या पाच पट्ट्या सांगतील. आणि येत्या दिवाळीला ऑइलपेंटच्या पणतीऐवजी भाजक्या लाल पणत्या घ्याव्यात, कुंभाराने मागितलेल्या भावात.